आर्टी कुठे गेला? ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’च्या शेवटच्या सीझनची गोष्ट

‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा चौथा, म्हणजे शेवटचा सीझन ओळीने बघायला घेतला की दहाव्या भागापाशी माणूस अडखळतो. तोवर सगळं ओळखीचं असतं: मारामारीला पुढे होणारा जेम्स वेस्ट, वेषांतरात मुरलेला त्याचा जोडीदार आर्टेमस गॉर्डन ऊर्फ आर्टी, आणि दोघांची ती थाटमाट असलेली आगगाडी. दहाव्या भागात आर्टी नाहीच. त्याच्या जागी जेरेमी पाइक नावाचा कुणी गृहस्थ. अकराव्या भागात आर्टी हजर, जणू मधे काही घडलंच नाही. बाराव्यात परत पाइक. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, डीव्हीडीच्या खोक्यात कुणीतरी चकत्या उलटसुलट कोंबल्यात. काढून नंबर तपासले. चकत्या बरोबर होत्या.

या सीझनमध्ये अशा बऱ्याच गोष्टी बुचकळ्यात टाकतात. जोडीदार बदलत राहतो. मालिकेचा लाडका खलनायक एकदाच येतो. आणि शेवटी शेवट म्हणावा असा भागच नाही. चोविसावा भाग संपतो आणि पुढे काही नाही, एवढंच. याची कारणं गोष्टीत शोधायला गेलं तर सापडत नाहीत. ती कॅमेऱ्याच्या मागे आहेत: एक झुंबर, एक हृदयविकाराचा झटका आणि एक सिनेटर.

आधी मालिकेची ओळख करून देतो, कारण आपल्याकडे ती त्या काळी कुणी बघितली असण्याची शक्यता फारशी नाही. तिचा शेवटचा सीझन अमेरिकेत लागत होता १९६८-६९ मध्ये, आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ज्यांना हे नाव माहीत आहे, त्यातल्या बहुतेकांना १९९९ मधला विल स्मिथचा सिनेमा आठवतो, तो अवाढव्य यांत्रिक कोळी असलेला. तो बाजूला ठेवा. मूळ मालिका सीबीएस या नेटवर्कवर सप्टेंबर १९६५ ते एप्रिल १९६९ चालली. चार सीझन, १०४ भाग. पहिला सीझन कृष्णधवल, बाकीचे रंगीत.

काळ १८७० च्या दशकाचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट. त्यांच्या गुप्तहेर खात्याची, म्हणजे सीक्रेट सर्व्हिसची, दोन माणसं आगगाडीतून देश पालथा घालतात आणि वेडसर शास्त्रज्ञ, तोतये, सत्तापिपासू श्रीमंत यांच्याशी दोन हात करतात. खरी सीक्रेट सर्व्हिस १८६५ मध्ये स्थापन झाली ती खोट्या नोटा छापणाऱ्यांना पकडायला. पण मालिकेला त्याच्याशी काय देणंघेणं! मायकेल गॅरिसन या निर्मात्याची कल्पना सरळ होती. तेव्हा जेम्स बाँडची लाट होती आणि टीव्हीवर काउबॉयपट मात्र शिळे होत चालले होते. बाँडला घोड्यावर बसवायचं, बस्स.

यातून जी भेळ झाली ती आज ‘स्टीमपंक’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या, पितळी नळ्यांच्या आणि दातेरी चाकांच्या जमान्यात पुढच्या शतकातली यंत्रं आणून बसवायची. हा शब्दच मुळी १९८७ मधला, म्हणजे मालिका बंद पडल्यावर अठरा वर्षांनी आलेला. वेस्टच्या बाहीतून पिस्तूल सरकत हातात येतं, बुटाच्या टाचेत स्फोटकं असतात. गाडी ओढणारं इंजिन मात्र अगदी खरं: १८७५ मध्ये बाल्डविन कारखान्यात बनलेलं ‘इन्यो’. ते आजही नेवाडात कार्सन सिटीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण पुढे ती लागणार आहे. मालिकेची शीर्षकं ॲनिमेटेड आहेत. पडद्याचे चित्रकथेसारखे चौकोन पाडलेले. मधल्या चौकोनात काउबॉय, चार कोपऱ्यांत चार प्रसंग. भाग सुरू झाला की प्रत्येक जाहिरातीच्या आधी दृश्य ऐन मोक्याच्या क्षणी गोठतं. वेस्ट कड्यावरून लोंबकळतोय, किंवा छताचे खिळे खाली येतायत. त्या गोठलेल्या दृश्याचं चित्र होतं आणि ते एका कोपऱ्यात जाऊन बसतं. चार अंक, चार कोपरे. तासाभरात पान भरतं. आणखी एक तपशील मुद्दाम सांगतो. पहिल्या सीझनच्या शीर्षकात सुरा घेऊन आलेल्या बाईला काउबॉय चुंबन घेऊन गारद करतो. रंगीत सीझनमध्ये तो तिला ठोसा मारतो. काही सेकंदांचं कार्टून, पण दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, घरातली पोरंटोरं टीव्हीसमोर बसलेली असताना. पुढचं सगळं रामायण या साडेसातवरून झालं.

आता झुंबर. वेस्टचं काम करणारा रॉबर्ट कॉनराड मारामारीची दृश्यं स्वतः करायचा. त्याच्याभोवती स्टंट करणाऱ्यांची एक ठरलेली टोळीच होती. व्हाइटी ह्यूज हा त्यांचा म्होरक्या. एल्विस प्रेस्लीचा जुना दोस्त रेड वेस्टही त्यात होता. मार खाणारे गुंड दर आठवड्याला तेच, फक्त मिश्या बदललेल्या. नीट बघितलंत तर एकाच मारामारीत एकच माणूस दोनदा पडतानाही सापडेल. २४ जानेवारी १९६८ ला तिसऱ्या सीझनमधल्या ‘द नाइट ऑफ द फ्युजिटिव्ह्ज’ या भागाचं चित्रीकरण चालू होतं. दारूच्या गुत्त्यातलं दृश्य: वेस्टने जिन्यावरून झेप घ्यायची, झुंबर पकडायचं आणि झोका घेत गुंडांवर आदळायचं. कॉनराडचा हात निसटला. साधारण १२ फुटांवरून तो डोक्यावर आपटला, खाली काँक्रीट. कवटीला चीर गेली.

तिसरा सीझन ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळला. अर्धवट राहिलेला तो भाग पुढे पुरा केला आणि दाखवला ८ नोव्हेंबर १९६८ ला, म्हणजे चौथ्या सीझनचा सातवा भाग म्हणून. त्यामुळे शेवटचा सीझन बघताना मधेच एक तिसऱ्या सीझनचा भाग आपल्यासमोरून जातो आणि कुणी पाटी लावून सांगत नाही.

इथे जरा थांबून अमेरिकन टीव्हीचं तेव्हाचं यंत्र समजून घेऊ, म्हणजे आर्टीचं कोडं आपोआप सुटेल. त्या काळी सीझन म्हणजे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत दर आठवड्याला एक भाग, वर्षाला चोवीस ते अठ्ठावीस. उन्हाळ्यात जुनेच भाग परत दाखवायचे. चित्रीकरण मात्र उन्हाळ्यातच सुरू होई, पहिला भाग दाखवायच्या कितीतरी आधी. एकेक भाग सुटा: गोष्ट त्याच तासात सुरू, त्याच तासात खलास. आदल्या आठवड्यात नायकाचं डोकं फुटलं होतं की त्याचं लग्न ठरलं होतं, पुढच्या आठवड्यात कुणाला आठवत नसे. त्यामुळे कुठला भाग आधी दाखवायचा आणि कुठला नंतर, हे नेटवर्क आपल्या सोयीने ठरवी. जो डबा तयार, तो आधी. किंवा जो जास्त चमकदार, तो सीझनच्या सुरुवातीला. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत हे अशक्य आहे. तिथे मंगळवारचा भाग सोमवारी लावला तर सासू कोमातून बाहेर येण्याआधीच स्वयंपाकघरात उभी दिसेल.

तर १९६८ च्या उन्हाळ्यात काय झालं? रॉस मार्टिन, म्हणजे आपला आर्टी, ‘द नाइट ऑफ द ॲव्हेरिशस ॲक्चुअरी’ या भागाचं काम करत होता. हातातली रायफल खाली पडली, तिच्यावर पाय पडला, पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. हेही कमी होतं म्हणून की काय, १७ ऑगस्ट १९६८ ला त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ४८. अंधश्रद्धा नसलेल्या माणसालाही तारीख बघून चुटपुट लागेल, कारण मालिकेचा जन्मदाता मायकेल गॅरिसन १९६६ मध्ये आपल्या घरात पडून गेला, तोही १७ ऑगस्टलाच.

पाय मोडला तो भाग दाखवला ६ डिसेंबरला. पण झटक्यानंतर, आर्टीविना केलेला ‘द नाइट ऑफ द कॅमेरा’ त्याच्या आधीच, २९ नोव्हेंबरला, दाखवून झाला होता. म्हणून माणूस आधी गायब होतो, मग येतो, मग परत गायब होतो. माझ्या चकत्या बरोबर होत्या, बिघडलं होतं ते ऑगस्ट महिन्यात.

मार्टिनच्या जागी कुणाला घ्यायचं, हा प्रश्न साधा नव्हता. वेस्टसारखा उडी मारणारा गडी हॉलिवूडमध्ये दुसरा मिळाला असता. आर्टी म्हणजे मात्र एका माणसात भरलेली अख्खी नाटक कंपनी. रॉस मार्टिनचा जन्म पोलंडमधल्या ग्रोदेकचा. लहानपणी तो अमेरिकेत आला, पण कानात अनेक भाषा घेऊन आला. जर्मन सरदार, मेक्सिकन धर्मगुरू, दारुडा, प्राध्यापक, काहीही असो, बोलण्याची ढब आणि नाकाचा आकार दोन्ही बदलून तो समोर येई. आपल्याकडच्या बहुरूप्याची कला, फक्त हॉलिवूडचा रंग आणि रबर हाताशी. तेव्हाचा निर्माता ब्रूस लॅन्सबरी याने (अँजेला लॅन्सबरी या अभिनेत्रीचा हा भाऊ) एक बदली कलाकार शोधण्याऐवजी माणसं फिरती ठेवली. चार भागांत चार्ल्स एडमनचा जेरेमी पाइक. दोन भागांच्या ‘विंग्ड टेरर’मध्ये विल्यम शॅलर्टचा फ्रँक हार्पर. ‘सबातिनी डेथ’मध्ये अ‍ॅलन हेल ज्युनिअरचा नेड ब्राउन. आणि ‘कॅमेरा’त पाइकच्या जोडीला पॅट पॉलसेन.

पाइक चांगला आहे हो. एडमन समजूतदार नट होता आणि वेषांतरंही मनापासून करतो. पण तो वेस्टचा सहकारी वाटतो, मित्र वाटत नाही. मार्टिन आणि कॉनराड यांच्यात जी थट्टा चालायची, एकाने संकट वर्णन करायचं आणि दुसऱ्याने त्यात मेन्यूकार्ड शोधायचं, ती पटकथेत लिहून येत नाही. आर्टी नसलेल्या भागांत आगगाडीचा तो मखमली डबा रिकामा वाटतो. आर्टी हे मालिकेचं मीठ होतं, आणि मीठ विसरलेल्या आमटीची चव कशी असते ते या भागांत कळतं. १९६९ मध्ये टीव्हीच्या एमी पुरस्कारासाठी मार्टिनचं नामांकन झालं, ते याच मोडक्या सीझनसाठी.

बदल्यांमधली सगळ्यात गंमतीची निवड अ‍ॅलन हेलची. तो आधी ‘गिलिगन्स आयलंड’ या विनोदी मालिकेत निर्जन बेटावर अडकलेल्या बोटीचा कप्तान होता, आणि ‘सबातिनी डेथ’मध्ये त्याच बेटावरचा दुसरा रहिवासी जिम बॅकसही पाहुणा म्हणून आहे. भागाच्या अखेरीस निर्जन बेटावर सुट्टीला जायचा विषय निघतो आणि मागे त्या जुन्या मालिकेची धून वाजते. अमेरिकेतलं घर न् घर हसलं असणार. आपल्याला मात्र ही टीप वाचल्याशिवाय काही कळत नाही.

पॅट पॉलसेनचंही तसंच. हा मख्ख चेहऱ्याचा विनोदवीर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी खोटा खोटा प्रचार करत देशभर हिंडला होता. निवडणूक झाली ५ नोव्हेंबरला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो इथे हेर होऊन आला.

आता भागांकडे येतो. सीझनची सुरुवात ‘द नाइट ऑफ द बिग ब्लॅकमेल’ने होते, २७ सप्टेंबर १९६८. एका परक्या देशाच्या वकिलातीत एक चालती चित्रफीत आहे. तिच्यात राष्ट्राध्यक्ष ग्रँट एका गुप्त करारावर सही करताना दिसतात. अर्थात ते ग्रँट नव्हेत, त्यांच्यासारखा दिसणारा माणूस. फीत जाहीर झाली तर राष्ट्राध्यक्षांची अब्रू गेली. एडिसनच्या प्रयोगशाळेतलं चलच्चित्राचं यंत्र खऱ्या इतिहासात १८९० च्या दशकाच्या तोंडाशी आलं आणि ग्रँट १८७७ मध्येच पायउतार झाले होते, म्हणजे मालिकेने दीडेक दशक उसनं घेतलंय. पण कल्पना बघा. खोट्या चित्रफितीने राजकारण्याला अडकवायचं! आज आपण डीपफेक म्हणतो त्याची ही गोष्ट, १९६८ मध्ये लिहिलेली आणि १८७० च्या दशकात घडवलेली. आणि त्यावरचा उपायही झकास: फीत नुसती पळवायची नाही, तिच्या जागी आपण बनवलेली फीत ठेवायची. खलनायक हार्वी कॉरमन, जो खरा विनोदी नट. त्यामुळे भागाला धोक्यापेक्षा खोडीची चव आहे. शेवटच्या सीझनमधला एकच भाग बघणार असाल तर हा बघा.

‘द नाइट ऑफ द जगरनॉट’मध्ये वाफेवर चालणारं एक अजस्र यंत्र वस्तीतल्या शेतकऱ्यांची घरं चिरडत फिरतं, त्यांनी जमिनी सोडून पळावं म्हणून. स्टीमपंकचा मूर्तिमंत नमुना. हा शब्द मात्र आपल्याकडून गेलेला आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाबद्दल युरोपीय प्रवाशांनी तिखटमीठ लावून लिहिलं, त्यावरून वाटेतलं सगळं चिरडत जाणाऱ्या कशालाही इंग्रजीत ‘जगरनॉट’ म्हणू लागले. ओडिशातला रथ असा फिरत फिरत हॉलिवूडच्या स्टुडिओत पोचला आणि तिथे त्याला बॉयलर बसवला.

आणि डॉ. मिगेलिटो लव्हलेस. बुटक्या चणीचा, गोड गळ्याचा, प्रचंड बुद्धीचा आणि जगावर डूख धरलेला हा शास्त्रज्ञ म्हणजे मालिकेचा खरा तारा. मायकेल डन या नटाने तो दहा भागांत साकारला. त्याची उंची जेमतेम पावणेचार फुटांच्या आसपास, पण तो पडद्यावर आला की कॉनराडसारखा पैलवानही सहकलाकार वाटू लागतो. पहिल्या सीझनमध्ये तो वरचेवर येई. चौथ्यात एकदाच, १३ डिसेंबरच्या ‘द नाइट ऑफ मिगेलिटोज रिव्हेंज’मध्ये. डनची तब्येत साथ देत नव्हती. पुढे १९७३ मध्ये तो गेला. या भागात लव्हलेस एका बडबडगीताच्या ओळींप्रमाणे माणसं पळवतो, आणि त्याच्यासमोर उभा आहे वेस्ट आणि पाइक. लव्हलेसची अखेरची भेट, आणि आर्टी नाही! मला या सीझनबद्दल सगळ्यात जास्त खंत याची वाटते. मालिका बंद पडली याहूनही जास्त.

बंद का पडली, हे आता सांगायला हवं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दोन महिन्यांनी रॉबर्ट केनेडींचा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जूनमध्ये हिंसेची कारणं शोधायला एक आयोग नेमला, अध्यक्ष मिल्टन आयझेनहॉवर. शहरं जळत होती, व्हिएतनामचं युद्ध रोज रात्री बातम्यांतून दिवाणखान्यात येत होतं. अशा वेळी देश कुणाकडे तरी बोट दाखवतोच. बोट टीव्हीकडे वळलं. सिनेटमध्ये प्रसारणाच्या उपसमितीचे अध्यक्ष होते ऱ्होड आयलंडचे जॉन पॅस्टोरी. त्यांनी नेटवर्कच्या प्रमुखांना धारेवर धरलं आणि मार्च १९६९ मध्ये टीव्हीवरच्या हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो याचा शास्त्रीय अभ्यास सरकारने करावा अशी मागणी केली. तो अभ्यास झाला. अहवाल यायला १९७२ उजाडलं.

नेटवर्कना तेवढी वाट बघायची नव्हती. त्यांना दाखवायला ताबडतोब काहीतरी हवं होतं. आणि सीबीएसकडे एक मालिका होती जिच्यात दर आठवड्याला दहा माणसं टेबलांवर आपटली जात, तीही साडेसातला, मुलांच्या वेळेत. प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या एका संघटनेने तिला टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वांत हिंसक मालिकांत गणलंच होतं. १९६९ च्या सुरुवातीला निर्णय झाला.

‘पण मालिका पडली म्हणूनच काढली असेल ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्यासाठी ‘शेअर’ म्हणजे काय ते कळलं पाहिजे. एखाद्या वेळी गावात शंभर टीव्ही चालू असतील आणि त्यातल्या तेहतीस घरांत तुमचा कार्यक्रम लागला असेल, तर तुमचा शेअर ३३. बंद असलेले टीव्ही यात मोजत नाहीत. तेव्हा अमेरिकेत मोठी नेटवर्क तीनच: सीबीएस, एनबीसी, एबीसी. म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा मिळाला तर प्रत्येकी एक तृतीयांश. त्याच्या खाली घसरलात की धोक्याची घंटा. लॅन्सबरीने पुढे सांगितलं त्याप्रमाणे मालिकेचा शेअर अखेरीस या रेषेच्या आसपास होता आणि आपल्या वेळेत ती पहिलीच असायची. ती बळीचा बकरा ठरली, असं त्याचं म्हणणं. निर्मात्याचं म्हणणं म्हणून त्यातली थोडी हळद काढून टाकली तरी हिशेब पटतो. मालिका कोसळलेली नव्हती. पण तिच्यासाठी सिनेटशी भांडावं इतकी मोठीही ती उरली नव्हती. चार वर्षांची, महागडी, एक नट कवटी फोडून घेतलेला आणि दुसऱ्याचं हृदय दुखावलेलं. अशी मालिका देऊन टाकायला सोपी असते.

मला स्वतःला यात पॅस्टोरींना खलनायक ठरवणं जिवावर येतं. १ मे १९६९ ला, म्हणजे मालिकेचा शेवटचा नवा भाग दाखवल्यावर महिन्याभरात, याच सिनेटरसमोर मुलांच्या कार्यक्रमाचे फ्रेड रॉजर्स सार्वजनिक टीव्हीसाठी पैसे मागायला बसले होते. त्यांचं शांत बोलणं ऐकून पॅस्टोरी विरघळले आणि दोन कोटी डॉलर मिळाल्यातच जमा आहेत असं म्हणाले. तो माणूस मनापासून मुलांचा विचार करत होता. सीबीएस मनापासून कशाचा विचार करत होतं ते सांगायला नको. त्याच एप्रिलमध्ये त्यांनी पॅट पॉलसेन जिथला, तो स्मदर्स बंधूंचा राजकीय विनोदाचा कार्यक्रमही काढून टाकला. त्यात कुणी कुणाला ठोसा मारत नव्हतं.

आणि वेस्टची हिंसा कसली? टेबलं बाल्सा लाकडाची, बाटल्या साखरेच्या, मेलेला माणूस पुढच्या शुक्रवारी मिशी लावून परत. या मालिकेतली खरी हिंसा सोसली ती तिच्या नटांनी. पण शीर्षकातला तो बाईला मारलेला ठोसा आठवला की माझा हा युक्तिवाद मलाच थोडा लंगडा वाटतो.

शेवट का नाही, याचं उत्तर यातच आलं. सुट्या भागांच्या मालिकेला निरोपाचा भाग लागतच नसे. ‘द फ्युजिटिव्ह’ या दुसऱ्या एका मालिकेने ऑगस्ट १९६७ मध्ये नायकाची गोष्ट पूर्ण करून दाखवली आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसवला, पण तो अपवाद. उलट शेवट केला तर नुकसानच, कारण मालिकेचा खरा पैसा पुढे होता: स्थानिक केंद्रांना भाग विकायचे आणि ती केंद्रं रोज दुपारी एकेक दाखवणार. आठवड्याला पाच धरले तर १०४ भाग जवळजवळ एकवीस आठवडे पुरतात, आणि मग पहिल्यापासून. अशा रहाटात शेवटचा भाग नको असतो. त्यामुळे साडेसातच्या वेळी मुलांना घातक ठरलेली मालिका काही काळाने दुपारी शाळेतून आल्या आल्या मुलं बघू लागली. हे लक्षात आलेल्या एका संघटनेने जानेवारी १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्राविरुद्ध, हे भाग रात्री नऊच्या आधी दाखवू नयेत म्हणून, दावाही लावला.

वेस्ट आणि आर्टी १९७९ आणि १९८० मध्ये दोन टीव्हीपटांसाठी परत आले. ते मी एकदाच बघितले आणि तेवढं पुरेसं आहे. मार्टिन १९८१ मध्ये गेला, टेनिस खेळताना. कॉनराड २०२० पर्यंत होता. विल स्मिथच्या सिनेमाला वर्षातला सर्वांत वाईट म्हणून रॅझी पुरस्कार मिळाले, तेव्हा ते घ्यायला हा पठ्ठ्या स्वतः मंचावर गेला.

शेवटचा भाग ‘द नाइट ऑफ द प्लेग’. एका टोळीला प्राणघातक रोगाची लागण झालीय आणि ती पसरायच्या आत त्यांना गाठायचंय. भाग बरा आहे, ग्रेट नाही. पण आर्टी परत आलाय. रॉस मार्टिन थोडा उतरलेला दिसतो, आवाज मात्र तोच. चार अंक होतात, चार वेळा दृश्य गोठतं, चारही कोपरे भरतात. पुढच्या शुक्रवारपासून जुनेच भाग. सप्टेंबरात सीबीएसने साडेसातला ‘गेट स्मार्ट’ लावली. तीही हेरांचीच मालिका, फक्त तिच्यातला हेर बुटातून टेलिफोन काढायचा.